विक्रांतवरची पत्रं आणि माझं साडेचार हजारांचं पाकीट

पेटीवाला:

गणपतीला गावी गेलो होतो. माळा साफ करताना मोठ्या काकांची लोखंडी ट्रंक खाली काढली. काका नौदलात स्टोकर होते आणि १९७१ साली विक्रांत या विमानवाहू नौकेवर होते. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. ट्रंकेत उंदरांनी कुरतडलेला गणवेश, दाढीचं सामान, वहीच्या पुठ्ठ्यांत बांधलेला कागदांचा एक गठ्ठा आणि पत्र्याचा बिस्किटांचा डबा. डब्यात सुतळीने बांधलेली अकरा आंतर्देशीय पत्रं, सगळी आजीला लिहिलेली. आजी गेल्यावर काकांनीच ती उचलून जपून ठेवली असणार.

मला टपालाचे शिक्के जमवायचा नाद शाळेपासून आहे, त्यातही युद्धनौकांचं टपाल हा माझा खास कोपरा. त्यामुळे आरती आटोपताच भिंग घेऊन ओटीवर बसलो. अकराही पत्रं १९७१-७२ ची, आणि एकावरही ‘विक्रांत’ हा शब्द नाही! पाठवणाऱ्याच्या पत्त्याची जागा कोरी. पुढच्या बाजूला शिक्का आहे तो ‘एफपीओ’ (फील्ड पोस्ट ऑफिस, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय) आणि पुढे नंबर, तोही अर्धाच उठलेला. मागे मात्र गुहागरचा पोचीचा शिक्का झकास, तारीख अगदी ठळक.

मजकूरही तसाच. ११ नोव्हेंबरचं पत्र आहे : “इकडे उकाडा फार. पाणी मोजून मिळते. मी कुठे आहे ते विचारू नये. झोडणी झाली का? पाड्याचे कसे आहे?” (झोडणी भाताची, पाडा म्हणजे वासरू.) बस. त्यानंतर थेट १९ डिसेंबर : “मी सुखरूप आहे. रेडिओवर ऐकले असेलच.” हे दुसरं पत्र गुहागरला पोचलं २९ डिसेंबरला. मधल्या दीड महिन्यात आजीने काय केलं असेल, कोण जाणे. आई सांगते, रोज दुपारी पोस्टमन यायच्या वेळेला ती पायरीवर तांदूळ निवडत बसायची. ताटातले तांदूळ निवडून झाले तरी उठायची नाही.

तर मुद्दा असा. हे वाचल्यापासून १९७१ सालचं, विक्रांतचं नाव असलेलं काहीतरी आपल्याकडे हवंच असं डोक्यात बसलं. आणि गेल्या महिन्यात इंटरनेटवर एका विक्रेत्याकडे पाकीट सापडलं. पांढरं, डावीकडे निळ्या शाईत जहाजाचं चित्र, खाली ‘आय.एन.एस. विक्रांत’ आणि ‘नेव्ही डे’. वीस पैशांचं तिकीट, त्यावर मुंबईचा शिक्का, ४ डिसेंबर १९७१. पत्ता टाइप केलेला, दादरचा. साडेचार हजार मोजले. बायकोला साडेचारशे सांगितलेत, तेव्हा कुणी इथला दुवा आमच्या घरी पाठवू नये.

फोटो जोडतोय. भाव ठीक आहे का, आणि काकांच्या पत्रांवर जहाज ओळखायची काही खूण असते का, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शाईचा डाग:

पायरीवरचे तांदूळ... वाचून थांबलो जरा. आमच्याकडे १९६५ ची अशी पत्रं होती, ती वडिलांनी बंबात घातली. पाकिटातलं मला कळत नाही, पण पत्रं कुणाला विकू नका.

भिंगवाली:

पेटीवाले, आधी थोडं पाणी पिऊन घ्या.

४ डिसेंबर १९७१ ला विक्रांत होती कुठे? बंगालच्या उपसागरात. त्याच सकाळी तिच्यावरून सी हॉक विमानं उडाली आणि त्यांनी पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला, मग चितगाव. जुलैतच ती मुंबईहून पूर्वेकडे गेली होती आणि नोव्हेंबरात अंदमानात दडवून ठेवली होती. मग त्याच तारखेला तिचं टपाल मुंबईच्या पोस्टात कसं पडलं? कुणी हौशी माणसाने मुंबईत बसून जहाजाच्या नावाचं पाकीट केलं, असं म्हणता येईल. पण मग ती युद्धनौकेची डाक नव्हे आणि तिचे साडेचार हजारही नव्हेत.

दुसरं. १५ नोव्हेंबर १९७१ पासून साध्या टपालावर पाच पैशांचं निर्वासित मदतीचं जादा तिकीट लावावं लागे. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच ‘रेफ्यूजी रिलीफ’ छापून दिलं होतं, आणि छापील तिकिटं वेळेत न पोचल्याने काही ठिकाणी तर स्थानिक रबरी शिक्के मारून काम भागवलं. ती निराळी जमवायची गोष्ट आहे, हात लावाल तर बुडाल. तुमच्या पाकिटावर ते तिकीट दिसत नाही. तेवढ्यावरून मी खोटं म्हणणार नाही, लष्करी टपालाचे नियम वेगळे असतात आणि नजरचुकाही होत.

पण फोटो मोठा करून खाली उजव्या कोपऱ्यात बघा. फिकट नारिंगी चौकोन दिसतात. किती आहेत मोजा.

पेटीवाला:

सहा.

भिंगवाली:

पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला.

शाईचा डाग:

😀😀 आई गं. साडेचार हजार!

चोखंदळ:

आणि त्यावर ‘नेव्ही डे’ आहे ते कुणाच्याच लक्षात आलं नाही का? ४ डिसेंबरला नौदल दिन पाळायचं ठरलं ते कराचीवरच्या हल्ल्याच्या स्मरणार्थ. त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटी कराचीवर गेल्या म्हणून. म्हणजे हल्ला ज्या दिवशी व्हायचा होता त्याच दिवशीच्या पाकिटावर त्याचा वाढदिवस छापलेला! त्याआधी नौदल दिन १५ डिसेंबरला असे. १९६८ चं वीस पैशांचं नौदल दिनाचं तिकीट काढून बघा, निलगिरी या युद्धनौकेचं चित्र असलेलं. ते १५ डिसेंबरलाच निघालं आहे.

पेटीवाला:

निलगिरीचं तिकीट माझ्या अल्बममध्ये दुसऱ्या पानावर आहे. बारा वर्षांचा होतो तेव्हा लावलंय, हिंजसकट (मागच्या चिकटपट्टीसकट). आता कपाळावर हात मारून घेतोय.

विक्रेत्याला निरोप टाकला. त्याचं उत्तर : “सर, जुन्या वस्तू आहेत, जशा आहेत तशा.” विषय संपला.

जुना खलाशी:

पेटीवालेसाहेब, पैसे गेले ते गेले. काकांच्या पत्रांबद्दल लिहितो, तो माल लाखाचा आहे.

मी नौदलात उशिरा लागलो, विक्रांतवर दोन वर्षं काढली ती ऐंशीच्या दशकात. पण आमच्या मेसमध्ये एकाहत्तरवाले दोघेतिघे होते, त्यांच्याकडून ऐकलेलं आहे. तुमचे काका स्टोकर, म्हणजे बॉयलरवाले. त्या वेळी विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता. जहाज पूर्ण वेगाने पळू शकत नव्हतं आणि युद्धात उतरवायचं की नाही यावर बराच खल झाला. कॅप्टन स्वराज प्रकाश यांनी तशाच अवस्थेत ते चालवलं. “इकडे उकाडा फार” हे वाक्य आजीला हवेचं वाटलं असेल. मला ते बॉयलर रूमचं वाटतं. “पाणी मोजून मिळते” तर नक्कीच. बॉयलरला गोडं पाणी आधी, माणसाला मागून.

आता शिक्का. आपल्या जहाजांवर जहाजाच्या नावाचा टपाल शिक्का नसतो. पत्रं गोळा होतात, पिशवी बांधली जाते, जहाज बंदराला लागलं किंवा दुसरं कुणी परत जाणारं भेटलं की पिशवी उतरते, पुढे फ्लीट मेल ऑफिस (नौदलाचं टपाल कार्यालय) किंवा फील्ड पोस्ट ऑफिसमार्गे जाते. म्हणून तुमच्या शिक्क्यात नंबर आहे आणि गावाचं नाव नाही. ते मुद्दाम तसं असतं. नंबरावरून ठिकाण शत्रूला कळू नये हा हेतू. संग्राहकांनी नंतर त्या नंबरांच्या याद्या केल्या, त्या लावून बघा. अर्धा उठलेला नंबर असला तरी अकरा पत्रांतून पूर्ण जुळेल. एकावर पहिले आकडे, दुसऱ्यावर शेवटचे.

टपालावरून आठवलं. पाकिस्तानची गाझी पाणबुडी विक्रांतला शोधत आली होती, हे सगळ्यांना माहीत आहे. तिला विशाखापट्टणमकडे ओढायला राजपूत ही जुनी विनाशिका विक्रांत असल्यासारखी वायरलेसवर बडबड करत फिरवली. त्याच बनावात एक खाजगी तार होती. विक्रांतवरच्या कुणा खलाशाने आजारी आईची खुशाली विचारल्याची, सांकेतिक भाषेत न घालता उघडी पाठवलेली. तेव्हाचे पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी स्वतःच नंतर हे लिहिलंय. खलाशी खोटा आणि आजारपणही खोटं. गाझी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमसमोर बुडाली.

म्हणजे बघा, खरी पत्रं जहाजाचं नाव लपवत होती आणि खोटी तार ते मुद्दाम सांगत होती.

भिंगवाली:

जुना खलाशी, अंगावर काटा आला. त्या तारेचा कागद कुठे असेल तर... नको, मला झोप लागायची नाही.

हडसनकाठचा:

न्यू जर्सीहून. इथे हा छंद फार जुना आणि फार शिस्तीचा आहे म्हणून थोडी भर.

अमेरिकन युद्धनौकांवर १९०८ पासून स्वतःची पोस्ट ऑफिसं होती. शिक्क्यात जहाजाचं नाव, आणि तिकीट रद्द करणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या मधे रबरी अक्षरं बसवायला जागा. तिथे खलाशी कारकून बंदराचं नाव घाली, नाताळच्या शुभेच्छा घाली, मनात येईल ते. तीसच्या दशकात लोक स्वतःचा पत्ता लिहिलेली पाकिटं जहाजाला पाठवत आणि शिक्का मारून परत मागवत. १९३२ साली या नादिष्टांची संस्थाच निघाली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट स्वतः तिकीटवेडे आणि त्याआधी नौदल खात्यात सात वर्षं काढलेले, मग काय. शिक्क्यांच्या प्रकारांची वर्गवारी डॉ. लोसी यांनी केली, तिचे आकडे इथले म्हातारे पाढ्यासारखे म्हणतात.

आणि मग १९४१ चा पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला. अमेरिका युद्धात उतरल्यावर शिक्क्यांतून जहाजांची नावं काढून टाकली. नुसतं ‘यू.एस. नेव्ही’. शेजारी नौदलाच्या सेन्सॉरचा गोल शिक्का आणि कुणा अधिकाऱ्याची आद्याक्षरं. ब्रिटिशांचंही तेच, ‘मेरिटाइम मेल’ एवढंच लिहिलेला शिक्का किंवा अजिबात अक्षरं नसलेला मुका शिक्का. माझ्याकडे दोन खोकी आहेत अशा मुक्या पाकिटांची. दर पाकीट दोन-तीन डॉलर. कुणी विचारत नाही.

याउलट मिझुरी या युद्धनौकेवर २ सप्टेंबर १९४५ ला टोकियोच्या उपसागरात जपानची शरणागती झाली, त्या दिवशीच्या शिक्क्याची पाकिटं लोकांनी ढिगाने केली. तो भाव काही उतरत नाही. पर्ल हार्बरला बुडालेल्या ॲरिझोनाच्या शेवटच्या दिवसांतल्या शिक्क्यांचं तर नावच काढू नका. ते घ्यायचं तर आधी तपासून घ्यायचं, मग आणखी एकाकडून तपासून घ्यायचं.

चोखंदळ:

म्हणूनच मी कायम सांगतो की स्मरणार्थ काढलेली पाकिटं म्हणजे बाजारू माल. जहाज सेवेत आलं काढा पाकीट, निवृत्त झालं काढा पाकीट, पंचवीस वर्षं झाली काढा पाकीट. ना ते प्रवास करतं, ना कुणी कुणाला काही लिहिलेलं असतं. आत फक्त एक पुठ्ठा. याला टपाल म्हणायचं?

भिंगवाली:

चोखंदळ, नेहमीप्रमाणे अर्धं बरोबर.

१९८४ साली राष्ट्रपतींनी ताफ्याची पाहणी केली तेव्हा एकेक रुपयाची चार तिकिटं जोडून निघाली होती. एकावर विक्रांत, बाकी विमान, पाणबुडी आणि विनाशिका. मी तेव्हा चौथीत होते. वडील रेल्वेत, पगाराच्या दिवशी जीपीओत घेऊन गेले. त्या घुमटाखाली रांगेत उभं राहून चार रुपयांची चार तिकिटं आणि एक पाकीट घेतलं आणि खिडकीवरच्या बाईंनी शिक्का इतका हळुवार मारला, की जणू कपाळाला कुंकू लावत्यात. ते पाकीट कुठेही गेलेलं नाही, आत पुठ्ठाच आहे. पण त्या पाकिटाने मला विक्रांत हा शब्द शिकवला. पुढे ती गेटवेजवळ संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा मी तिला बघायला गेले ती त्याच्यामुळे. १९९७ ला निवृत्त झाली, २०१२ ला बघणाऱ्यांसाठी बंद झाली, २०१४ च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या दारूखान्याला, जिथे जुनी जहाजं तोडतात तिथे, तोडायला घेतली. आता तिचं चित्र असलेले कागद उरलेत, त्यांना बाजारू म्हणू नका.

लष्करी टपाल सेवा जी पाकिटं काढते, त्यांच्या मागे किंवा आत बहुतेक वेळा त्या जहाजाचा छोटा इतिहास छापलेला असतो. अनेकदा तेवढा नीट लिहिलेला इतिहास दुसरीकडे मिळत नाही. ती थोडक्या पैशांत मिळतात. तीच घ्यावीत. जे नाही ते आहे म्हणून विकणारे वेगळे.

चोखंदळ:

कुंकवाच्या उपमेपुढे मी काय बोलणार. माघार. पण पुठ्ठा तो पुठ्ठाच.

फोंडेकर:

आमच्या गोंयचा संबंध राहिला म्हणून. विक्रांत मुंबईला आली ३ नोव्हेंबर १९६१ ला आणि दीडच महिन्यात गोवा मुक्तीच्या वेळी आमच्या समोरच्या समुद्रात गस्तीला होती. तिची विमानं पुढे दाबोळीला, हंसा तळावर असत. बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॉक आणि आलिझे दोन्ही उभी आहेत. पेटीवाल्यांनी एकदा येऊन जावं. सी हॉक बघून मी म्हटलं, एवढंसंच? या लहानशा विमानांनी चितगाव हादरवलं!

एक शंका. सगळे म्हणता काकांच्या पत्रांवर जहाजाचं नाव नाही. पण मग आजी काकांना उत्तर कुठल्या पत्त्यावर लिहायची?

जुना खलाशी:

फोंडेकर, शंभर टक्के मुद्द्याचं बोललात आणि मी एवढा वेळ काय करत होतो!

जहाजाचं नाव जहाजावरून जाणाऱ्या पत्रात नसलं तरी जहाजावर येणाऱ्या पत्रात घालावंच लागतं. नाव, नंबर, जहाज, द्वारा फ्लीट मेल ऑफिस. जहाज कुठेही असो, पत्ता बदलत नाही. त्यामुळे पत्र पकडलं गेलं तरी खलाशी कुठल्या जहाजावर आहे एवढंच कळतं, जहाज कुठे आहे ते नाही. नावं शोधायची ती घरून गेलेल्या पत्रांवर. पण ती फार थोडी उरतात. खलाशाकडे एक लॉकर, तेवढ्यात सगळा संसार. वाचली की समुद्रात.

पेटीवालेसाहेब, गणवेशाचे खिसे तपासलेत? ट्रंकेच्या तळाचा कागद उचललात? आणि तो पुठ्ठ्यांचा गठ्ठा?

पेटीवाला:

ट्रंक गावीच आहे. दिवाळीला जाणार आहे. पुतण्याला सांगितलं तर तो उंदरांना घाबरतो.

भिंगवाली:

दिवाळीपर्यंत मी इथे रोज येऊन बघणार आहे. तोवर दोन सूचना : पत्रांना सेलोटेप लावू नका, फाटलेली असली तरी. आणि बाजारातल्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत घालू नका, त्यांचा वास येत असेल तर समजायचं की शाई चाटून जाणार. सुतळी सोडा, नाहीतर तिचा डाग उतरतो. सुतळी मात्र फेकू नका.

शाईचा डाग:

सुतळी का ठेवायची?

भिंगवाली:

काकांनी बांधली होती म्हणून.

पेटीवाला:

धागा वर काढतोय. काल गावाहून आलो.

खिशात काही नव्हतं. तळाच्या कागदाखाली पगाराच्या दोन पावत्या, झुरळाची अंडी. गठ्ठा सोडला, तर बॉयलरच्या कामाच्या नोंदींच्या वह्या, परीक्षेला बसायला उतरवून घेतलेल्या असाव्यात. तिसऱ्या वहीत, वाफेच्या दाबाचं एक कोष्टक आहे त्या पानात, खूण म्हणून घातलेलं एक पोस्टकार्ड.

दहा पैशांचं. पत्ता इंग्रजीत, गोल वळणदार, तो आमच्या गावच्या मास्तरांच्या हातचा हे आईने लगेच ओळखलं. काकांचं नाव, नंबर, खाली ‘आय.एन.एस. विक्रांत’, त्याखाली ‘फ्लीट मेल ऑफिस, बॉम्बे’. गुहागरचा शिक्का २ डिसेंबर १९७१. ते काकांना कधी मिळालं याचा काही शिक्का नाही. पोस्टकार्डाच्या एका कोपऱ्याला तेलकट काळा अंगठा उमटलाय, पूर्ण रेषांसकट.

मागच्या बाजूला मास्तरांच्याच अक्षरात :

“चि. बाळास अनेक आशीर्वाद. झोडणी झाली. नऊ मण भरले. पाडा गेल्या सोमवारी विकला. तू कुठे आहेस ते विचारत नाही.”

खाली आजीची सही. तिला तेवढीच येत होती.

चोखंदळ:

किंमत विचारू नका आणि कुणी विचारली तर सांगू नका.

भिंगवाली:

अंगठा पुसायचा नाही. ऐकताय ना? ओल्या कापसाने नाही, खोडरबराने नाही, कशानेच नाही.

पेटीवाला:

नाही पुसत. नंबरही जुळला, जुना खलाशी म्हणाले तसा, तीन पत्रांतून. यादी कुणाकडे असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. आणि ते साडेचार हजारांचं पाकीट अल्बममध्ये निलगिरीच्या समोरच्या पानावर लावलंय. पिनकोडचे चौकोन बायकोनेच मोजले. खरी किंमत तिला कळली आहे. हा दुवा तिला कुणी पाठवला, ते मात्र सांगून टाका.